संकटाची तालीम पाण्यावर

प्रौढ रुग्ण पंपावर आहे. फ्लो मिनिटाला ५ लिटर आहे आणि रिझर्व्हायरमध्ये ४०० मिली रक्त आहे. अशा वेळी व्हीनस लाइन कुठे दुमडली आणि परतीचं रक्त थांबलं, तर रिझर्व्हायर रिकामं व्हायला पाच सेकंदही लागत नाहीत. त्यानंतर पंप हवा ओढतो आणि ती हवा महाधमनीच्या वाटेने मेंदूकडे निघते. लेव्हल सेन्सर असतो, बबल डिटेक्टर असतो, पंप आपोआप थांबण्याची सोय असते, हे सगळं खरं आहे. पण सेन्सर नीट चिकटलेला नसतो, किंवा सारखा वाजतो म्हणून कुणीतरी अलार्म बंद करून ठेवलेला असतो, असंही घडतं. त्या पाच सेकंदांत विचार करायला जागा नसते. हात जे करतो ते त्याने आधी कधीतरी केलेलं असावं लागतं.

हृदय थांबवून शस्त्रक्रिया चालू असताना हृदय-फुप्फुसांचं काम यंत्रावर चालवणारा माणूस म्हणजे परफ्युजनिस्ट. या कामाच्या शिक्षणात एक विचित्र अडचण आहे. चांगल्या सेंटरमध्ये शिकणाऱ्याला चांगलंच बघायला मिळतं. रोजच्या केसेस सुरळीत पार पडतात, शेकडो केसेस झाल्या तरी ऑक्सिजनेटर बंद पडलेला दिसत नाही, वीज गेलेली दिसत नाही, आर्टेरियल लाइनमध्ये हवा आलेली दिसत नाही. ते व्हायचं तेव्हा होतंच, पण तेव्हा सीनियर पुढे होतात आणि शिकणारा दोन पावलं मागे सरकतो. रुग्णाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. मात्र पुढे तोच शिकणारा एखाद्या जिल्ह्याच्या गावातल्या नव्या हृदयशस्त्रक्रिया केंद्रात एकटा पंपावर बसतो, आणि पहिलं संकट त्याच्यावर तिथे येतं, मदतीला कुणी नसताना.

विद्यार्थी, तरुण परफ्युजनिस्ट आणि ज्यांच्या हातात डिपार्टमेंटचं वेळापत्रक आहे अशा सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, की संकटांचा सराव करायला महागडा सिम्युलेटर लागत नाही. मुदत संपलेलं एक सर्किट, बादलीभर पाणी, राखून ठेवलेले दोन तास आणि सरावानंतरची प्रामाणिक चर्चा एवढ्यावर तो सुरू होतो. यातली शेवटची गोष्ट सगळ्यांत अवघड आहे, तिच्याकडे पुढे येतो.

या व्यवसायाचं आणि संकटाचं नातं अगदी पहिल्या केसपासूनचं आहे. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात डॉ. जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या मदतीने १८ वर्षांच्या तरुणीच्या हृदयातलं छिद्र बंद केलं. यंत्राने २६ मिनिटं तिचा पूर्ण भार वाहिला. त्या २६ मिनिटांतही हेपरिन कमी पडलं आणि ऑक्सिजनेटरच्या जाळ्यांवर गुठळ्या धरू लागल्या. मुलगी वाचली. पण रक्त गोठू न देणं आणि गोठू लागलं तर काय करायचं, हा प्रश्न पहिल्याच यशस्वी शस्त्रक्रियेत समोर उभा राहिला होता. यामागे गिबन आणि त्यांच्या पत्नी मेरी यांनी प्रयोगशाळेत प्राण्यांवर घालवलेली वर्षं होती. रुग्णाआधी सराव ही कल्पना या यंत्राइतकीच जुनी आहे.

बाजारात तयार सिम्युलेटर मिळतात. ऑस्ट्रेलियात विकसित झालेला ऑर्फिअस आणि अमेरिकेतला कॅलिफिया ही त्यांतली जाणकारांना माहीत असलेली नावं. यांत रुग्णाच्या जागी नळ्या आणि कप्पे असलेला एक भाग असतो, तो तुमच्या पंपाला जोडायचा. मागून संगणक रक्तदाब, तापमान, रक्तातला ऑक्सिजन वगैरे सगळं बदलत राहतो. तुम्ही फ्लो कमी केला तर दाब खरोखर पडतो. ही यंत्रं चांगली आहेत, परवडत असतील आणि चालवायला माणूस असेल तर जरूर घ्या. मात्र ती आणून कोपऱ्यात ठेवलेली सेंटर्सही असतात. भूलशास्त्रात सिम्युलेशन रुजवणारे स्टॅनफर्डचे डॉ. डेव्हिड गाबा यांनी २००४ मध्येच मांडलं होतं, की सिम्युलेशन ही शिकवण्याची रीत आहे, तिला यंत्रसामग्री समजू नये. माझाही अनुभव याच बाजूचा आहे.

आता मांडणी. स्टोअरमध्ये मुदत संपलेले पण न उघडलेले ऑक्सिजनेटर आणि ट्यूबिंग पॅक असतात. ते फेकण्याआधी मागून घ्या. रुग्णाला वापरलेलं काहीही सरावाला घेऊ नका, धुऊनही नाही. रुग्णाच्या जागी जुनं पण न वापरलेलं एखादं कार्डिओटॉमी रिझर्व्हायर किंवा तीन लिटरची रिकामी सलाइन बॅग टेबलवर ठेवा. आर्टेरियल लाइन तिच्यात सोडायची, व्हीनस लाइन तिच्या तळातून काढायची. टेबलाची उंची पंपाच्या रिझर्व्हायरपेक्षा ४० ते ६० सेंटिमीटर वर राहू द्या, म्हणजे खऱ्या केससारखंच पाणी उतारावर खाली येईल आणि टेबल खालीवर केल्याने काय बदलतं तेही दिसेल. पाणी रक्तापेक्षा पातळ असल्याने लाइन प्रेशर फारच कमी दिसतं. आर्टेरियल लाइनच्या टोकाला एक स्क्रू क्लॅम्प थोडा आवळून ते हवं तिथे आणता येतं. पाण्यात लाल खाद्यरंग टाका, हवेचे बुडबुडे आणि पातळी नीट दिसते.

रुग्णाच्या बॅगेला एक जाड नळी आणि थ्री-वे लावून ती पडद्यामागे न्या. शिकवणारा तिथे बसून पाणी काढून घेईल म्हणजे रक्तस्राव, पाणी सोडेल म्हणजे व्हॉल्यूम. सिरिंजने व्हीनस लाइनमध्ये हवा सोडता येते. मॉनिटर नसेल तर जाड कागदाच्या पाट्या करा: एमएपी ३८, व्हीनस सॅच्युरेशन ५२, एसीटी २१०. शिकवणारा योग्य वेळी पाटी वर करतो. पहिल्या दहा मिनिटांत लोकांना हे पोरकट वाटतं, मग कुणालाच पाटी पाटी वाटत नाही, सगळे त्या आकड्याकडे खऱ्या आकड्यासारखं बघायला लागतात. हे दर वेळी होतं.

एक गोष्ट मात्र आधीच ठरवा. सरावाच्या प्रत्येक वस्तूवर, अगदी कनेक्टरवर आणि सिरिंजवरही, लाल टेप लावून ‘फक्त ट्रेनिंग’ असं लिहा आणि ती ओटीच्या स्टोअरपासून वेगळ्या कपाटात कुलूप लावून ठेवा. सरावाचं सामान चुकून खऱ्या केसमध्ये जाणं हा सिम्युलेशनचा सगळ्यांत मोठा धोका आहे. औषधांच्या जागी फक्त पाणी वापरा आणि त्या सिरिंजवरही लाल टेप हवीच. पंप वापरायचा तो बॅकअपचा, आणि तोही ज्या दिवशी दुसऱ्या ओटीत केस चालू नाही त्या दिवशी.

कोणत्या प्रसंगांचा सराव करायचा? यादी लांब करता येईल. मी ऑक्सिजनेटर बदलण्यापासून सुरुवात करेन, कारण यात हात, डोकं आणि बोलणं तिन्हींची परीक्षा होते.

प्रसंग असा सुरू करा. पंपावर येऊन चाळीस मिनिटं झाली आहेत, क्लॅम्प लागलेला आहे. शिकवणारा काही न बोलता पाटी वर करतो: ऑक्सिजनेटरच्या आधीचं प्रेशर चढतंय, नंतरचं तेवढंच. थोड्या वेळाने दुसरी पाटी, आर्टेरियल पीओटू १९० वरून ८५. पाण्याचा रंग बदलत नाही, म्हणून तो सांगतो, ‘आर्टेरियल लाइन काळपट दिसतेय.’ इथे पहिला प्रश्न हा, की गॅसची नळी तपासली का? गॅसची लाइन ऑक्सिजनेटरवरून निसटलेली असते, ब्लेंडर बंद झालेला असतो किंवा व्हेपोरायझरचं झाकण नीट बसलेलं नसतं, आणि माणसं निरोगी ऑक्सिजनेटर कापायला निघतात. एखाद्या वेळी मुद्दाम गॅसच काढून ठेवा, प्रेशर मात्र चढू देऊ नका, आणि कोण फसतं ते बघा.

गॅस ठीक आहे, प्रेशर चढतंय, म्हणजे आत गुठळी. आता मोठ्याने सांगायचं: ऑक्सिजनेटर बदलावा लागेल, मला दुसरा माणूस हवा, रुग्ण थंड करतो. सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनी ऐकल्याची पोच द्यायला हवी. नवीन ऑक्सिजनेटर, जादा क्लॅम्प, निर्जंतुक कात्री, कनेक्टर आणि टाय हाताशी आल्याशिवाय पंप थांबवायचा नाही. हे वाक्य सरावात पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, कारण घाबरलेला माणूस आधी पंप थांबवतो आणि मग कात्री शोधतो. सामान्य तापमानाला मेंदूच्या हातात तीन-चार मिनिटंच असतात.

मग पंप बंद, आर्टेरियल आणि व्हीनस लाइन क्लॅम्प, गॅस बंद, रिसर्क्युलेशन आणि सॅम्पलिंगच्या बारीक लाइन बंद. ऑक्सिजनेटरच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या नळीवर प्रत्येकी दोन क्लॅम्प, त्यांच्या मधोमध काप. नवीन जोडताना आत-बाहेरची दिशा बोट ठेवून वाचायची, कारण ती उलटी जोडली जाते, आणि नेहमी घाईतच. मग पाण्याच्या लाइन, मग गॅस. रिसर्क्युलेशनवर चालवून हवा काढायची, गळती बघायची, आणि हवा पूर्ण गेल्याची खात्री झाल्यावरच रुग्णाकडे फ्लो. या सगळ्याला तुमच्या टीमला किती वेळ लागतो ते मोबाइलवर मोजा. पहिल्या वेळी आकडा घाबरवतो. दोन-तीन सरावांत तो निम्म्यावर येतो, आणि तो येतो मुख्यतः सामान आधीच एका ट्रेमध्ये बांधून ठेवल्यामुळे. सरावातून ट्रे जन्माला येतो आणि तो ट्रे पंपाला टांगलेला राहतो, हा सरावाचा खरा नफा. पंप न थांबवता बिघडलेल्याच्या बाजूला दुसरा ऑक्सिजनेटर समांतर जोडण्याची प्रॉन्टो म्हणून ओळखली जाणारी पद्धतही आहे. तुमचं सर्किट तसं बांधलेलं असेल तर तिचाही वेगळा सराव करा, दोन्ही पद्धती एकाच दिवशी मिसळू नका.

दुसरा प्रसंग वीज जाण्याचा. ओटीला यूपीएस आहे, जनरेटर आहे, पंपाला बॅटरी आहे, मग कशाला, असं विचारलं जातं. कारण प्लग भिंतीतून निघतो, फ्यूज जातो, आणि जुनी बॅटरी दाखवते तेवढी टिकत नाही. बायोमेडिकल इंजिनिअरला बरोबर घेऊन, पाण्यावर चालणारा पंप खरोखर भिंतीतून काढा आणि बॅटरी किती मिनिटं चालते ते लिहून ठेवा. नंतर पंप बंद करून हँडक्रँक चालवा. आधी हा प्रश्न विचारा: क्रँक कुठे आहे? अनेक ठिकाणी एक जण कपाटाकडे जातो, एक जण पंपाच्या ड्रॉवरकडे, आणि एक जण म्हणतो की सर्व्हिसवाल्यांनी नेला असेल.

रोलर पंपावर क्रँकची दिशा बाणाप्रमाणेच. उलटी फिरली तर रक्त महाधमनीतून मागे ओढलं जाईल आणि हवा आत शिरेल. सेंट्रिफ्युगल पंप थांबला की रक्त आपोआप मागे वाहतं, म्हणून आर्टेरियल लाइनवर आधी क्लॅम्प, मग क्रँक, वेग आल्यावरच क्लॅम्प काढायचा. आता नीट बघा: क्रँक फिरवणारा खाली वाकलेला असतो, त्याचं डोकं पंपाच्या हेडवर असतं, आणि रिझर्व्हायरच्या पातळीकडे कुणाचंच लक्ष नसतं. लेव्हलचा अलार्मही वीज नसल्याने गप्प असतो. म्हणून क्रँक हे दोन माणसांचं काम आहे. एकाने फिरवायचं, दुसऱ्याने पातळी बघून ‘हळू’, ‘वाढव’, ‘थांब’ एवढंच बोलायचं. पाच मिनिटं सलग फिरवून पाहा, खांदे भरून येतात, मग अदलाबदल कशी करायची तेही ठरतं. दिवे बंद करून टॉर्चवर हे केलं तर आणखी बऱ्याच गोष्टी कळतात.

मोठ्या प्रमाणात हवा गेल्याचा प्रसंग मी नवशिक्यांना पहिल्याच दिवशी देत नाही. त्यात पंप थांबवणं आणि दोन्ही लाइन क्लॅम्प करणं एवढंच परफ्युजनिस्टच्या एकट्याच्या हातात आहे. पुढचं सगळं, म्हणजे डोकं खाली करणं, शंभर टक्के ऑक्सिजन, महाधमनीतली हवा काढणं, गरज पडल्यास वरच्या महाशिरेतून मेंदूकडे उलटा प्रवाह, हे सर्जन आणि भूलतज्ज्ञांशिवाय होत नाही. त्यांना न बोलावता केलेला हा सराव अर्धवट राहतो. लिखित प्रोटोकॉल भिंतीवर असेल तर तो सरावात वाचून दाखवा. वाचायला किती वेळ लागतो हेही कळू द्या.

हेपरिनच्या प्रसंगात मात्र पंपाला हातही लावावा लागत नाही. आपल्याकडे हेपरिनची ५ मिलीची व्हायल दोन ताकदींत मिळते, एकीत ५,००० युनिट, दुसरीत २५,०००. आकार सारखाच. ६० किलोच्या रुग्णाला किलोमागे ३०० ते ४०० युनिट धरले तर १८,००० ते २४,००० युनिट द्यायचे असतात. चुकून कमी ताकदीची व्हायल भरली तर डोस पाचव्या हिश्श्यावर येतो. प्रसंग असा लावा: हेपरिन दिल्याचं भूलतज्ज्ञ सांगतात, कॅन्युला लागल्या आहेत, सर्जन म्हणतात, ‘चला, पंपावर.’ एसीटीची पाटी येते २१०. बहुतेक सेंटर्समध्ये पंपावर जायला एसीटी किमान ४०० ते ४८० सेकंद लागतो. आता शिकणारा काय करतो?

हा सराव करून पाहिलात की लक्षात येईल, मुलांना उत्तर माहीत असतं. पुन्हा नमुना घ्या, व्हायल तपासा, लाइन सुटली नाही ना पाहा, जादा हेपरिन द्या, तरीही एसीटी वाढला नाही तर अँटिथ्रॉम्बिन कमी असेल, मग प्लाझ्मा किंवा अँटिथ्रॉम्बिन. परीक्षेत हे सगळं लिहून येतात. अडतं ते फक्त एका वाक्यापाशी, ‘सर, एसीटी आलेला नाही, पंपावर जाता येणार नाही.’ आपल्या ओटीत सर्जनला ‘सर, थांबा’ म्हणणं सोपं नाही, बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीला तर नाहीच. मुलगी आधी हळू आवाजात ‘सर, एसीटी…’ म्हणते, मास्कमधून ते कुणाला ऐकू जात नाही, आणि ती पुन्हा म्हणत नाही. म्हणून हे वाक्य मोठ्याने, आकड्यासह, सर्जनचं उत्तर मिळेपर्यंत बोलायचा सराव करून घ्या. आणि सर्जनच्या भूमिकेत शक्य तितक्या वेळा तुमचे खरे सर्जनच उभे करा. त्यांनी सरावात मुद्दाम घाई करायची आणि मुलीने थांबवलं की ‘थांबलो, सांग’ असं म्हणायचं. जिथे सर्जन हे एकदा करतात, तिथे पुढचे महिने खऱ्या केसमध्येही आवाज वेगळा येतो.

प्रोटामिनचाही छोटा प्रसंग याच सत्रात बसतो. प्रोटामिन सुरू झालं की सकर बंद, नाहीतर ते पंपात येऊन सर्किट गोठतं आणि गरज पडली तर परत पंपावर जाता येत नाही. भूलतज्ज्ञाने ‘प्रोटामिन सुरू’ म्हणायचं, परफ्युजनिस्टने ‘सकर बंद’ असं परत म्हणायचं, सर्जनने ऐकायचं. तीन पायऱ्या आहेत, एक वगळली जाते, आणि कोणती वगळली गेली ते नंतर कुणालाच आठवत नाही. मोबाइलवरच्या चित्रीकरणात ते दिसतं.

लहान मुलांच्या केसेस करणाऱ्यांसाठी एवढंच, की तुमचा सराव वेगळा मांडा. ३ किलोच्या बाळाच्या अंगात साधारण २५० मिली रक्त असतं आणि सर्किटमध्ये तेवढंच किंवा त्याहून जास्त प्राइम असतं. प्रौढांत न जाणवणारी ३० मिलीची चूक तिथे मोठी असते. प्रौढांच्या सर्किटवर शिकलेले हात तिथे तसेच चालत नाहीत. एकमो चालवणाऱ्या आयसीयूच्या नर्सेसनाही याच टेबलवर बोलवा. रात्री तीन वाजता बेडजवळ त्याच असतात, लाइन थरथरायला लागली की पहिला हात त्यांचाच लागतो.

आता चर्चेबद्दल. सिम्युलेशनवरच्या अभ्यासांचा २००५ मध्ये इसेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी मोठा आढावा घेतला, त्यात शिकण्याला सर्वांत उपयोगी ठरणारी गोष्ट म्हणून सरावानंतरचा प्रतिसाद पुढे आला. आपल्याकडे मात्र प्रसंग संपला की चहा येतो आणि सगळे पांगतात. चहा चर्चेच्या टेबलावरच आणा. पंधरा मिनिटांच्या प्रसंगाला निदान तेवढीच, जमलं तर दुप्पट चर्चा हवी.

सुरुवात प्रसंग करणाऱ्याने करायची, सीनियरने नाही. काय झालं ते त्याने क्रमाने सांगायचं, बरोबर-चूक न करता. मग शिकवणाऱ्याने विचारायचं, ‘प्रेशर चढलं तेव्हा तुला काय दिसत होतं? तू कशाची वाट बघत होतास?’ ‘तू क्लॅम्प उशिरा का लावलास?’ या प्रश्नाने मुलगा बचावाच्या पवित्र्यात जातो आणि नेमकं कारण सांगत नाही. खरं कारण बहुतेक वेळा साधं असतं: क्लॅम्प दुसऱ्या बाजूला होते, हात पोचत नव्हता. ते बाहेर आलं की सुधारणा माणसाकडून मांडणीकडे जाते, आणि मांडणी एका दिवसात बदलता येते.

चर्चेत जे बोललं गेलं ते खोलीबाहेर जाणार नाही, अप्रेझलमध्ये वापरलं जाणार नाही, हे विभागप्रमुखांनी स्वतः सांगावं आणि पाळावं. एकदा जरी एखाद्याची सरावातली चूक कँटीनमध्ये हसण्याचा विषय झाली, तरी त्यानंतर सगळे फक्त नीट दिसायला सराव करतील. चित्रीकरण हात आणि पंपापुरतं ठेवा आणि चर्चा झाली की सगळ्यांसमोर पुसून टाका. मूल्यमापन करायचंच असेल तर ते वेगळ्या दिवशी, आधी सांगून, छापील चेकलिस्टवर करा. शिकण्याचं सत्र आणि परीक्षा एकत्र आली की दोन्ही बिघडतात, याबद्दल मी ठाम आहे.

वेळापत्रक कसं बसवायचं? शनिवारी दुपारची लिस्ट हलकी असते, महिन्यातून एक शनिवार धरा. एका सत्रात एकच मोठा प्रसंग, चार ते सहा माणसं. रोज सकाळी पहिल्या केसच्या आधी क्रँक, क्लॅम्प आणि ऑक्सिजन सिलिंडर कुठे आहेत ते हात लावून दाखवायचं, याला पाच मिनिटंही लागत नाहीत. नवीन माणूस रुजू झाला की त्याला पहिल्या आठवड्यात तुमच्या पंपावर ऑक्सिजनेटर बदलायला लावा, त्याच्याकडे कितीही वर्षांचा अनुभव असो. दुसऱ्या कंपनीच्या पंपावर शिकलेला हात तुमच्या पंपावर काही सेकंद चाचपडतोच.

विद्यार्थ्यांनी लॉगबुकात सरावाचे प्रसंग वेगळ्या पानावर लिहावेत, केसेसमध्ये मिळवू नयेत. अमेरिकेत प्रमाणपत्र परीक्षेला बसण्याआधी किमान ७५ केसेस प्रत्यक्ष करण्याची अट असते आणि नंतर प्रमाणपत्र टिकवायलाही दरवर्षी ४० केसेस लागतात, कारण खऱ्या रक्ताच्या केसची जागा पाणी घेऊ शकत नाही. सर्जनचा हात बघून पुढचं ओळखणं, कोरडं होत चाललेलं फील्ड, व्हीनस लाइनच्या रंगावरून रुग्णाची भूल हलकी झाल्याचं कळणं, हे टेबलवर येत नाही. पाण्यावर येतं ते एवढं: संकटात पहिल्या मिनिटात काय करायचं, कुणाला काय सांगायचं आणि कोणत्या क्रमाने. पाण्यावरच्या या सरावाला सामान कमी पडलं तर पुरवठा केंद्राकडून किंवा कंपनीच्या प्रतिनिधीकडून ते मागायला संकोच करू नका. मुदत संपलेले ऑक्सिजनेटर त्यांनाही नष्टच करायचे असतात, लेखी विनंती दिली की बहुतेक वेळा मिळतात.

सत्र संपल्यावर शेवटची पंधरा मिनिटं सामान आवरायला ठेवा. पाणी काढून पंप पुसून कोरडा करायचा, ऑक्लुजन पुन्हा तपासायचं, सरावासाठी बंद केलेले सगळे अलार्म चालू करून प्रत्येक वाजवून बघायचा. लाल टेपच्या वस्तू मोजून कपाटात, एखादी कमी भरली तर ती सापडेपर्यंत कुणी घरी जायचं नाही. मग ज्याने पंप वापरला त्याने आणि दुसऱ्या एकाने वहीत सही करून पंप केससाठी तयार असल्याची नोंद करायची, वेळेसह.